‘झालं’ म्हटल्यानंतर

कलकत्त्याहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंस? कालीमंदिर पाहिलंस का, गंगा पाहिलीस का, हावड्याचा पूल तरी? पूल पाहिला, कारण तो चुकवताच येत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की तो समोर उभाच असतो. बाकी तीन आठवडे मी पाहिल्या त्या लोकांच्या बैठकीच्या खोल्या. एका खुर्चीवर मी, समोर त्या घरातलं बोलकं माणूस, मध्ये तिपाई आणि तिपाईवर टेपरेकॉर्डर.

काम असं होतं की कलकत्त्यातल्या मराठी घरांत खरोखर कोणती भाषा बोलली जाते ते पुण्यातल्या एका संस्थेला टिपून हवं होतं. त्यासाठी माझी निवड का झाली ते आमच्या घरी येऊन गेलेल्या कुणालाही कळेल. आमच्याकडे देवाला एखाद दिवस फूल कमी पडलेलं चालायचं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं चालत नसे. लग्नाची पत्रिका हातात आली की वडील आधी लाल पेन्सिल शोधायचे. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. पाटीवर ‘दूकान’ लिहिलेलं दिसलं की मी आत जाऊन सांगून येते. त्याबद्दल अजून कुणी माझी आरती ओवाळलेली नाही.

निघताना आमच्या सरांनी कानमंत्र दिला. म्हणाले, “प्रश्न संपले की मोठ्यांदा ‘झालं’ म्हणायचं, वही मिटायची, माइक खाली ठेवायचा. यंत्र मात्र चालू राहू द्यायचं. माणूस खरं बोलतो ते ‘झालं’ म्हटल्यानंतर.” मला हे भलतंच हुशारीचं वाटलं. त्यात काही चोरटं आहे हे मनात आलं असतं तरी मी ते दाबलं असतं, कारण मला काम उत्तम करून दाखवायचं होतं.

बेहाला

उतरले होते बेहाल्याला, मावसबहिणीच्या जावेकडे. शैलावहिनींच्या यजमानांची बँकेत बदली होऊन तीन वर्षं झालेली. घर लहान, आजूबाजूला छोटे कारखाने, दिवसभर पत्रे ठोकल्याचा आवाज. माघाचा महिना होता. आपल्याकडे ज्या गारव्यात लोक नुसत्या सदऱ्यावर फिरतात, तेवढ्यात तिथली अख्खी वस्ती माकडटोप्या घालून बसलेली. बसमध्ये चढले तर सगळी दरोडेखोरांची टोळीच बसल्यासारखी वाटली, आणि त्यातल्याच एका माकडटोपीने उठून मला जागा दिली. पुण्यात मला बसमध्ये शेवटची जागा कुणी दिली होती ते आठवत नाही.

पहिली मुलाखत शैलावहिनींचीच घेतली, हात बसावा म्हणून. त्या माइकसमोर ताठ बसून म्हणाल्या, “घरात मराठीच बोलायचं, असा मी दंडकच घातलाय.” मी ‘झालं’ म्हटलं आणि वही मिटली. एवढ्यात आठ वर्षांची लेक दारातून ओरडली, “मा, खिदे पेयेछे!” तिला भूक लागली होती. “दाँडा, दिच्छि,” वहिनी म्हणाल्या, थांब, देते, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. तोंडावर हात ठेवून परत आल्या. “हे नको हं लिहूस,” म्हणाल्या. मी ‘छे छे’ म्हटलं. टेप फिरत होती.

त्या रात्री जेवायला पुरणपोळी होती, खजुराच्या गुळाची. तिकडे थंडीत हा गूळ मिळतो, पातळ काकवीसारखा, धुराचा किंचित वास असलेला. पोळी तव्यावर फुटत होती आणि वहिनी प्रत्येक पोळीला गुळाच्या नावाने बोटं मोडत होत्या. चव मात्र अशी की मी चार खाल्ल्या. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

फोर्ट विल्यम

किल्ल्यात जायला परवाना लागला आणि दारावर माझ्या यंत्राची इतकी उलटतपासणी झाली की बॉम्ब नेला असता तर कमी वेळ लागला असता. मुलाखत होती एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोची. ती कोल्हापूरकडची, लग्नाला बारा वर्षं, सहा गावं फिरलेली. उत्तरं अगदी रेडिओवरच्यासारखी दिली.

‘झालं’ म्हटल्यावर तिने पाय वर घेतले, शाल गुंडाळली आणि विचारलं, “तुमचं लग्न झालंय?”

“नाही.”

“झालं की नवऱ्याशी मराठीतच भांडा. आमचे हे मराठीच, पण सगळा दिवस हिंदीत जातो, म्हणून रागावतात हिंदीत. मग मीही हिंदीत. भांडण होतं, पण पोट भरत नाही हो. काहीतरी बोलायचं राहिलंय असं वाटत राहतं.”

घरी येऊन मी त्या स्पूलच्या डबीवर ‘उत्तम’ असं लिहिलं. खाली दोन रेघाही मारल्या. (पुढे जे झालं त्यानंतर तिला पत्र टाकून मी सगळं कबूल केलं. तिने ‘असू दे’ एवढंच कळवलं.)

भवानीपूर

ट्राममधून उतरले तर समोरच्या भिंतीवर निवडणुकीच्या आणि क्रांतीच्या घोषणा एकमेकींवर चढलेल्या. त्याच भिंतीखाली एक म्हातारा उन्हात बसून शांतपणे पेपर वाचत होता. मी पत्ता विचारला. “मास्टरमोशाई? मराठी मास्टरमोशाई?” असं म्हणून तो मला घरापर्यंत सोडायला आला. वाटेत भेटलेल्या आणखी दोघांनी त्याला विचारून खात्री केली की मी मराठी मास्टरांकडेच चाललेय.

या मास्तरांचं नाव मी सांगणार नाही, आप्पा म्हणते. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत तिकडे गेले, आप्पा जन्मले तिथेच. पस्तीस वर्षं बंगाली शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. पुण्याला आयुष्यात तीनदा गेलेले, तिन्ही वेळा लग्नाला. काकू वाईच्या, सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या त्या तिथल्याच झाल्या. मुलगी जमशेदपूरला दिलेली. घरात दोघंच.

आप्पा कोट घालून, गळ्याशी मफलर गुंडाळून तयार बसले होते. बोलले ते छापील. ‘सांप्रत’, ‘तदनंतर’, ‘आमचे तीर्थरूप’. सूर थोडा गोल होता, ‘व’चा मधूनच ‘ब’ व्हायचा, पण व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. “आमच्या घरात मराठीखेरीज चकार शब्द नाही,” त्यांनी सांगितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे हात केला. पाडव्याभोवती तांबडा गोल होता. पुण्यात दोन खोल्या ठरल्या होत्या, तिकिटं काढून झाली होती. इथलं घर सोडायचं आणि पाडव्याची गुढी पुण्यात उभारायची. “सबंध आयुष्य परक्या मुलुखात काढलं. आता आपल्या माणसांत जायचं.” हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला.

काकू खाली बसून मटार सोलत होत्या. त्यांना विचारलं की “यांना विचारा” एवढंच म्हणायच्या.

मी ‘झालं’ म्हटलं. वही मिटली, माइक ठेवला. आप्पांनी मफलर सोडला, कोटाची बटणं काढली आणि खुर्चीत रेलले.

“सुटलो बुवा. परीक्षाच होती. आता चहा खाऊन जायचं हं. सकाळपासून तुम्ही नीट पाणीसुद्धा खाल्लं नसेल.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, बंगालीत सगळं खातात. भात खातात तसा चहा खातात, पाणी खातात, सिगारेटही खातात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण मघाशी ‘तदनंतर’ म्हणणाऱ्या तोंडून ते ऐकलं आणि मला हसू फुटलं. रुमाल तोंडाशी धरून मी खोकल्यासारखं केलं.

“बघा, पाणी खाल्लं नाही म्हणून खोकला आला,” आप्पा कळवळून म्हणाले. मग तर मी पुरती गारद. “तुमचे प्रश्न मला फार चांगले लागले. थांबा, कोपऱ्यावरून नव्या गुळाची संदेश मिठाई आणतो.” त्यांनी टोपी चढवली आणि खाली गेले.

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पुरता उतरेपर्यंत काकूंनी वाट पाहिली. मग मटारचं ताट बाजूला सारून माझ्यासमोर बसल्या.

“हसलीस ना?”

मी रुमाल मुठीत लपवला.

“लाजू नकोस. मीही हसले होते. सतरा वर्षांची होते, लग्नाला चार दिवस झालेले. हे म्हणाले, जरा पाणी खायला दे. मी म्हटलं, चावून खाणार की तसंच गिळणार? आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून अशी हसत सुटले. यांचा चेहरा असा उतरला, काय सांगू. महिनाभर माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. बंगालीत बोलायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. परका मुलूख, ओळखीचं चिटपाखरू नाही. शेवटी एके सकाळी मीच म्हटलं, चहा खाऊन घ्या, निवतोय. तेव्हा हसले. त्या दिवसापासून या घरात चहा खाल्ला जातो. चाळीस वर्षं झाली.”

मी बघतच राहिले. बोलण्यातला अर्थ नंतर पोचला, आधी ऐकू आला तो ठसका. भरभर, ठणठणीत, खास वाईचं मराठी. मघाशी ‘यांना विचारा’ म्हणणारी बाई ती हीच का, असं वाटलं.

“तुम्ही अजून असं बोलता?”

“एकटी असले की बोलते, भांड्यांशी. जिभेला गंज चढू नये. यांच्यापुढे नाही. यांच्यापुढे हे बोलतील तेच मराठी.” मग त्या पुढे सरकल्या. “आता माझं ऐक. वर आले की हे तुला विचारणार, माझं मराठी कसं आहे. आठ दिवस तोच जप चाललाय. तू पुण्याची, तुझा शब्द प्रमाण. तू सांग की हे मराठी पुण्यात चालणार नाही, जाऊ नका.”

“काकू, मी कसं सांगू?”

“हसता आलं ना? मग सांगताही येईल.”

माझे कान तापले.

“अगं, इथे अख्खी गल्ली यांना मराठी म्हणून ओळखते,” त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. “पुण्यात पहिल्याच दिवशी वाणी विचारेल, आजोबा, तुम्ही बंगाली का? दुसऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. पण साठ वर्षं ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली, तीच कुणी हसत हसत काढून घेतली तर? माणूस मोडेल गं.”

“आणि तुम्हाला? तुम्हाला नाही का परत जावंसं वाटत?”

“न वाटायला काय झालं? कृष्णेचा घाट डोळ्यांपुढून हलत नाही माझ्या. पण माझं काय घेऊन बसलीस.”

त्याच वेळी माझी नजर तिपाईवर गेली. स्पूल फिरत होतं. विसरले वगैरे नव्हते मी. ते फिरतंय हे मला सारा वेळ ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, काकू बोलत असताना एकदा मनात येऊनही गेलं होतं की काय सोनं मिळतंय. आता मात्र माझी मलाच शिसारी आली.

“काकू, हे यंत्र चालू आहे. मी बंद केलेलंच नाही.”

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. “विसरलीस?”

‘हो’ म्हणाले असते तर सुटले असते. “नाही. मुद्दाम.”

“हुशार आहेस,” काकू म्हणाल्या आणि ताट पुढे ओढून पुन्हा मटार सोलू लागल्या. मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ बोल लावलेत. इतकं कुणाचंच लागलं नव्हतं.

जिन्यात चपला वाजल्या. मी बटण दाबलं, पण आप्पांनी दारातून ते पाहिलं होतं. “अजून चालू होतं? वा! मग मला माझा आवाज ऐकवा की.” संदेशांचा पुडा त्यांनी काकूंच्या हाती दिला. “मी यांना विचारणार होतो, माझं मराठी कसं आहे म्हणून. पण मास्टर माणूस, उत्तरपत्रिका स्वतः तपासलेली बरी.”

मी काकूंकडे पाहिलं. त्या मान वर करीनात. मी मनात हिशेब केला, टेप जरा मागे घेऊ, मुलाखतीचा शेवट ऐकवू, आणि ‘झालं’पाशी बंद करू. काटेकोरपणा माझ्या रक्तातच आहे, म्हटलं जमेल.

यंत्रातून आवाज आला, “सबंध आयुष्य परक्या मुलुखात काढलं.” आप्पा पुढे झुकले. “हा कोण?”

“तुम्हीच.”

“नाही हो. हे तर आमच्या शाळेतले भूगोलवाले बाबू मराठी बोलतायत.” ते हसले. त्या हसण्यात आम्ही दोघी नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एवढ्यात टेपमधली मी ‘झालं’ म्हणाले. मी हात पुढे केला.

“राहू दे,” आप्पा म्हणाले. वर्गात म्हणत असतील तसं. “पुढे आहे अजून.”

मग ते सगळं आलं. चहा खाऊन जायचं. पाणीसुद्धा खाल्लं नसेल. माझं हसू. बंद खोलीत ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा सावकाश म्हणाले, “तो खोकला नव्हता तर.” मग चपला उतरत गेल्याचा आवाज, आणि काकू.

“ही कोण बोलते आहे?” त्यांनी विचारलं.

काकूंची बोटं चालूच होती, पण सालं ताटात आणि दाणे टोपलीत पडत होते.

“ही तू?”

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. ‘माणूस मोडेल गं’पाशी त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. घाटाचं आलं तेव्हा मान वळवून काकूंकडे पाहिलं आणि मग नजर हलवली नाही. ‘मुद्दाम’ आलं, ‘हुशार आहेस’ आलं आणि टेप खरखरू लागली. मी बटण दाबलं.

आप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “चहा पितात?”

“हो.”

“पाणी?”

“पाणीही पितात.”

“सिगारेट?”

“ओढतात.”

“म्हणजे तिन्ही प्रश्न चुकले.” ते हसायला गेले, ते नीट जमलं नाही.

“आप्पा, मला क्षमा करा. मी हे सगळं आत्ता पुसून टाकते.”

“पुसू नका,” ते म्हणाले. “पुसायचंच असेल तर ते आधीचं पुसा, मी कोट घालून बोललो ते. हे लिहा. फक्त नावं घालू नका.” आणि मग, “तो घाटाचा भाग पुन्हा एकदा लावा.”

मी लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. संपल्यावर काकूंना म्हणाले, “चाळीस वर्षं तू माझ्यासाठी चूक बोलत राहिलीस.”

“चूक कसलं,” काकू म्हणाल्या. “घरचं बोलत होते.”

त्यांचा आवाज आता टेपमधल्यासारखा होता. आप्पांच्याही ते ध्यानात आलं, कारण ते खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. साठीच्या माणसाला ते सोपं गेलं नाही, गुडघा धरून बसले. टोपलीत पडलेले दाणे एकेक वेचून ताटात टाकू लागले. मी निघायला हवं होतं. माझी मुलाखत कधीच संपली होती. पण मधून वाट काढून जाण्याचं धाडस होईना.

“तिकिटं काढलेली आहेत,” आप्पा खाली बघूनच बोलत होते. एकेक शब्द आधी तपासून मग बाहेर काढत होते. “पाडव्याला आपण जाऊ. वाईला जाऊ, घाटावर जाऊ. वाण्याकडे तू जा, शेजारणींशी तू बोल. मी तिथे गप्प बसेन. इतकी वर्षं मी बोललो, आता तू बोल.”

काकूंनी त्यांच्या हातातला मटार काढून घेतला.

“अहो, तुम्ही गप्प बसलात,” त्या म्हणाल्या, “तर मी बोलू कुणाशी?”